सिस्टरची खुर्ची

ज्योत्स्ना सिस्टरला एक गोष्ट अजिबात खपत नसे, ती म्हणजे पेशंटचं मान डोलावणं. तिनं काही सांगायला सुरुवात करावी आणि समोरच्यानं नंदीबैलासारखी मान हलवावी, की तिचं टाळकं सटकलंच म्हणून समजा. "कळलं ना?" असं विचारलं की जगातला प्रत्येक माणूस "कळलं" म्हणतो आणि फाटकाबाहेर पडल्या पडल्या रसवंतीत शिरून ग्लासभर उसाचा रस ढोसतो. हे तिनं नोकरीत इतक्या वेळा पाहिलं होतं की "कळलं ना" हा प्रश्नच तिनं टाकून दिला होता.

नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यात, तळमजल्यावर, जिन्याखाली तिची खोली होती. खोली कसली, अडगळीची जागा झाडून-पुसून तिला दिलेली. एक टेबल, एक गादीची खुर्ची, एक स्टूल आणि भिंतीवर डायबेटिसचा मोठा रंगीत तक्ता: काय खावं, काय खाऊ नये. वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी औषध लिहून दिलं की पेशंट खाली तिच्याकडे यायचा आणि त्या औषधाचं नेमकं करायचं काय, हे ती त्याच्या डोक्यात उतरवायची. उतरवायची म्हणजे उतरवायचीच. सातपूरच्या कंपन्यांतल्या पाळीवाल्यांना ती घड्याळ सांगत बसत नसे. दर आठवड्याला ज्याची पाळी बदलते त्याला सकाळ काय आणि संध्याकाळ काय डोंबलाची सांगणार? "डबा उघडला की आधी गोळी, मग घास," एवढंच ती सांगायची. तिच्या स्वतःच्या नवऱ्याची, दीपकची, साखर याच एका वाक्यावर ताळ्यावर आली होती, आणि दीपकला आवडो न आवडो, हा दाखला ती येणाऱ्या प्रत्येकाला देत असे.

तिचं खरं हत्यार मात्र ती खुर्ची. सगळं सांगून झालं की ती उठायची, गादीच्या खुर्चीकडे हात करायची आणि म्हणायची, "बसा इथं. आता तुम्ही सिस्टर आणि मी पेशंट." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पुरुष उगाच खाकरायचे. पण ही बया स्टुलावर बसून असा काही दीनवाणा चेहरा करायची की समोरच्याला तोंड उघडणं भागच पडायचं. आणि पेशंट झाली की महाबेरकी व्हायची. सिस्टर, काल लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या, तर आज गोळ्या दोन घेऊ का? सिस्टर, आज जेवायला जमलं नाही, पण गोळी घेऊन टाकते, चालेल ना? उत्तर चुकलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून. येणारी-जाणारी डॉक्टर मंडळी हसायची. हसू देत. ज्योत्स्नाच्या पेशंटांची साखर ताब्यात राहायची आणि तिला त्याचा गर्व होता. का नसावा? कष्टानं कमावलेला होता तो.

तर अशा या सिस्टरची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी म्हणजे सायखेड्याच्या कुसाबाई. आणि दर वेळी नापास होणारी विद्यार्थिनी म्हणजेही कुसाबाईच.

कुसाबाई साठीच्या आसपासच्या, काटक, नाकात जुनी मोरणी, आणि बोलणं असं की द्राक्षाच्या मांडवाखालच्या पन्नास बाया एका हाकेत सरळ व्हाव्यात. घरची एक्स्पोर्टची द्राक्षबाग. नवरा गेल्यापासून बाग त्याच बघत होत्या. मुलगा अमोल ट्रॅक्टर आणि बाजार सांभाळायचा, पण कोणत्या घडात किती मणी ठेवायचे आणि किती कातरून टाकायचे, ती विरळणी कुसाबाईंच्या नजरेखाली व्हायची. आता त्या नजरेलाच ग्रहण लागलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यानं नुसता उजेड कळायचा, डाव्यानं माणूस ओळखू यायचं, पण बारीकसारीक काही नाही. गेल्या हंगामात त्यांनी बोटांनी चाचपून विरळणी केली होती आणि घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. ते त्यांनी ज्योत्स्नाला एकटीलाच सांगितलं आणि सांगताना पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. पुढची विरळणी डोळ्यांनी करायची, एवढं एकच त्यांचं मागणं होतं.

ऑपरेशन दवाखान्यातच होणार होतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. आणि साखर काही केल्या खाली येत नव्हती. तपासणीला आल्या की आकडा मागच्यापेक्षा वर. साखरेचे डॉक्टर पिंगळे प्रत्येक वेळी गोळ्या वाढवत होते आणि ज्योत्स्ना प्रत्येक वेळी नव्यानं शिकवत होती. शिकवायचं तरी काय? बाईला सगळं तोंडपाठ. गोळी कधी, जेवण कधी, पाय कसे धुवायचे, बोटांच्या बेचक्या कशा बघायच्या, घाम फुटून हात थरथरले तर साखर तोंडात टाकायची, सगळं. खुर्चीत बसल्या की त्या अशा झाडायच्या की स्टुलावरच्या ज्योत्स्नाला आपणच गुन्हेगार आहोत असं वाटायचं. गोळी चुकवता का, असं विचारलं की त्या दुखावल्या जायच्या. "एक बी नाय चुकवली, सिस्टर. देवाशप्पथ."

शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीतली निकिता सिस्टर म्हणायची, म्हातारी धडधडीत खोटं बोलते, घरी जाऊन पेढे हाणत असेल. ज्योत्स्नाचा त्यावर विश्वास बसत नसे. खोटं बोलणारा पेशंट तिला दारातून ओळखू यायचा; तो नेहमी आधी डॉक्टरांच्या तब्येतीची चौकशी करतो. कुसाबाई तसल्या नव्हत्या.

श्रावणातल्या त्या सोमवारी कुसाबाईंचा आकडा आजवरचा सगळ्यात वाईट आला. पिंगळे डॉक्टर माणूस चांगला, पण त्यांचाही धीर सुटला होता. त्यांनी ज्योत्स्नाला वर बोलावून सांगितलं की आता शेवटचं म्हणून गोळ्यांचा डोस दुप्पट करतो, त्यानंही भागलं नाही तर सरळ इन्सुलिन, आणि ऑपरेशनचं या वर्षी विसरा म्हणावं. ज्योत्स्ना जिना उतरत होती ती स्वतःवरच चिडून. आख्ख्या जिल्ह्याला शिकवायला निघाली होती आणि आपल्या सगळ्यात शहाण्या पेशंटची साखर तिला उतरवता येत नव्हती.

जिन्याच्या पायथ्याशी अमोल उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि आईला ऐकू जायला नको होतं. मागच्या वेळी गोळ्या वाढवून गेलो ना ताई, तो म्हणाला, तर त्या आठवड्यात आई दोनदा मांडवाखाली मटकन बसली. घामानं चिंब, हात थरथर. कनवटीला खडीसाखर बांधून असते, तुम्हीच शिकवलेलं, ती तोंडात टाकली तेव्हा कुठं हुशारी आली. मग पुढं पुढं बरी होती. सांगू नको म्हणाली, ऑपरेशन पुढं ढकलतील म्हणून.

ज्योत्स्ना जागच्या जागी थांबली. घाम, थरथर, साखर खाल्ली की उतार: हे साखर वाढल्याचं नव्हे, साखर तळाला गेल्याचं लक्षण. म्हणजे सायखेड्यात त्याच गोळ्या इतक्या चालतात की बाई कोसळते, आणि नाशिकला आली की त्याच गोळ्या चालत नाहीत? गोळ्यांना काय गाव कळतं? आणि वर डॉक्टर तर डोस दुप्पट करायला निघाले होते. ती तशीच उलटपावली वर गेली आणि पिंगळ्यांना म्हणाली की तो कागद आत्ता लिहू नका, मला कुसाबाईंशी एकदा बोलू द्या. पिंगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, पेनचं टोपण लावलं आणि ओपीडी आटपेपर्यंत थांबतो म्हणाले.

खाली कुसाबाई स्टुलावर बसून होत्या. ज्योत्स्नानं कोसळण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिनं नुसता खुर्चीकडे हात केला. कुसाबाईंनी सुस्कारा सोडला, आता पुन्हा कशाला, सगळं येतंय की मला, असं म्हणत का होईना, पण खुर्चीत जाऊन बसल्या आणि पदर सारखा केला.

ज्योत्स्नानं नेहमीचे प्रश्न विचारले. नेहमीसारखीच ठणठणीत उत्तरं आली. जिलबीचा प्रश्न, उपासाचा प्रश्न, पायाचा प्रश्न, कुठंच बाई अडकेना. ज्योत्स्नाकडचे सगळे प्रश्न संपले. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण आजवर जे शिकवलं तेवढंच विचारत आलोय. जे आपण कधी शिकवलंच नाही, त्याचं काय? मग तिनं ठरवलं की आता अगदी ठार अडाणी पेशंट व्हायचं. अशी की जिला दवाखान्याचं तोंडही ठाऊक नाही. ती पुढे सरकली आणि म्हणाली, सिस्टर, आज गोळ्या मिळाल्या, मी घरी चालले. आता पुढच्या तपासणीपर्यंत काय काय करू, पहिल्या दिवसापासून सांगा बघू.

कुसाबाई फर्ड्या सुरात सुरू झाल्या. घरी जायचं, रोज न चुकता गोळी घ्यायची, जेवणाआधी. गोड बंद, भाकरी-भाजी, चालणं. "आन् तपासणी जवळ आली का गोळ्या बंद करायच्या."

ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावरचा दीनवाणा भाव तसाच राहिला, त्यामागची ज्योत्स्ना मात्र थिजली. अगदी साळसूद आवाजात तिनं विचारलं, "किती आधी, सिस्टर?"

"चांगलं दोन-तीन आठवडे तरी. नायतर नमुना नापास व्हईल ना, बाई."

ज्योत्स्नानं पेशंटचं सोंग टाकून दिलं आणि सरळ विचारलं की मावशी, हे कुणी सांगितलं तुम्हाला. कुसाबाई चकित झाल्या. हे काय कुणी सांगावं लागतं? लहान पोराला ठाऊक असलेली गोष्ट. त्यांनी सिस्टरला समजावून सांगितलं, शांतपणे, कारण खुर्चीत त्या होत्या. एक्स्पोर्टचा माल म्हटला की काढणीच्या आधी घडांचा नमुना लॅबला जातो. त्यात फवारणीच्या औषधाचा अंश जास्त सापडला की प्लॉट नापास, माल परदेशात जात नाही. म्हणून काढणी जवळ आली की फवारणी थांबवायची. अमोलनं एका वर्षी भुरी रोगाला घाबरून, आईला न विचारता, उशिरा एक फवारा मारला होता. नमुना नापास झाला, आणि वर्षभर लेकरासारखी जपलेली द्राक्षं इथल्याच बाजारात मिळेल त्या भावात द्यावी लागली. तेव्हापासून फवारणीचं वेळापत्रक कुसाबाईंनी आपल्या हातात घेतलं होतं, आणि त्यानंतर त्यांचा प्लॉट एकदाही नापास झाला नव्हता.

आणि मग रक्ताचा नमुना द्यायची वेळ आली. त्या काही गोळ्या चुकवत नव्हत्या. बंद ठेवायचे दिवस हे वेळापत्रकातलेच दिवस. त्याला चुकवणं कोण म्हणतं? शिवाय सिस्टरनंच नाही का सांगितलं होतं की तपासणीला उपाशीपोटी यायचं, त्या सकाळी गोळीसुद्धा घेऊन यायचं नाही, रक्त दिल्यावर खाऊन मगच घ्यायची? ज्या अर्थी त्या दिवशीची गोळी चालत नाही, त्या अर्थी आदल्या दिवसांचीही चालत नसणार. साधा विचार.

ज्योत्स्ना कळवणची. तिच्या माहेरी कांदा. कांद्याचा नमुना कुणी लॅबला पाठवत नाही. काढला, वाळवला, चाळीत टाकला. द्राक्षाचं हे शास्त्र तिच्या बापजन्मी तिला माहीत नव्हतं. तिला राग आला, भयंकर राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. समोरच्या बाईनं तर जगात कुणी करणार नाही इतक्या इमानानं चूक केली होती. डॉक्टरांना चांगला नमुना देता यावा म्हणून तिनं स्वतःचे डोळे पणाला लावले होते.

"मावशी," ती म्हणाली, "तुमचा लॅबवाला काय बघतो? औषध उरलंय का. आमचे डॉक्टर ते बघतच नाहीत. ते बघतात औषध काम करतंय का. तुम्ही औषधच थांबवून आलात तर त्यांनी बघायचं काय?"

कुसाबाईंचे ते ढगाळलेले डोळे समोर कुठंतरी लागले होते आणि ओठ हलत होते, बागेत हिशेब लावताना हलतात तसे. ज्योत्स्नानं पुढं काही सांगितलं नाही. तिला जे सांगायचं होतं ते आता खुर्चीतून यायला हवं होतं, नाहीतर सगळं फुकट.

"म्हंजी मी दर वेळेला न फवारलेला प्लॉट दाखवाया आणीत होते," कुसाबाई सावकाश म्हणाल्या. "भुरी पडलेला. तो बघून डॉक्टर म्हणायचे, औषध कमी पडतंय, वाढवा. आन् मी घरी जाऊन ते वाढीव सगळं पहिल्या दिवसापासून घ्यायचे." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणून मी पडत होते, सिस्टर."

ज्योत्स्नाला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. वर ते पेन टोपण लावून ठेवलेलं होतं म्हणून बरं. तो दुप्पट डोस घेऊन ही बाई सायखेड्याला गेली असती, उद्या सकाळी इमानेइतबारे गिळला असता, आणि मांडवाच्या कुठल्या ओळीत पडली असती कोण जाणे. हाकेच्या अंतरावर माणूस असता किंवा नसताही. तिनं कुसाबाईंचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग डोळे पुसले, उठली आणि म्हणाली, चला, वर जाऊ. डॉक्टरांना तुम्ही सांगायचं, मी नाही.

आणि कुसाबाईंनी सांगितलं. पिंगळे डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले आणि मागचे सगळे कागद काढून एकेक बघत राहिले. डोस दुप्पट व्हायचा होता तो उलट पहिल्या पायरीवर उतरला. गावातल्या आरोग्य केंद्रात आठवड्याला साखर बघायची, गोळ्या तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू ठेवायच्या, फक्त त्या सकाळची रक्त दिल्यावर, खाऊन, असं ठरलं. हे कुसाबाईंनी डॉक्टरांना परत म्हणून दाखवलं, न सांगता, सवयीनं.

गणपती बसायच्या आधी त्या पुन्हा आल्या तेव्हा आकडा असा होता की निकितानं मशीन बिघडलं का म्हणून दुसऱ्यांदा बोट टोचलं. बिघडलं नव्हतं. ज्योत्स्ना तो सबंध दिवस दवाखान्यात अशी वावरत होती की जणू तिच्याच बागेचा कंटेनर परदेशी निघालाय. खुर्चीच्या खेळात तिनं एक प्रश्न कायमचा वाढवला: तपासणी जवळ आली की काय करायचं? निफाड आणि दिंडोरीकडच्या किती शहाण्या द्राक्षबागायतदारांनी त्यावर "बंद" असं छातीठोक उत्तर दिलं ते ऐकून पिंगळे डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आता ते स्वतःही आधी तेच विचारतात.

घट बसायच्या आत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मधे एकदा दाखवून गेल्या त्या काळा चष्मा लावून, घाईत. दसऱ्यानंतर आल्या तेव्हा अमोलचा हात न धरता एकट्या जिन्याखाली आल्या. ज्योत्स्ना टेबलावर वाकून काही लिहीत होती. तिनं मान वर केली तर कुसाबाई दारात उभ्या, आणि तिच्याकडे नाही तर तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होत्या. जवळ आल्या. अजून जवळ. नाक तक्त्याला लागेल इतक्या.

"ही द्राक्षं हायेत व्हय?"

तक्त्यावर खाली उजवीकडे द्राक्षांचा घड होता, बेतानं खा म्हणून. ज्योत्स्ना म्हणाली, हो, द्राक्षंच ती, दर वेळी बोट ठेवून दाखवायची की मी तुम्हाला. कुसाबाई खुदकन हसल्या. त्यांनी सांगितलं की तिथं काहीतरी हिरवं-लाल आहे एवढंच दिसायचं. तुम्ही बोट दाखवायच्या, मग मी आपली हो म्हणायचे. मान हलवायचे. तुम्ही इतकं जीव तोडून शिकवत होत्या, वाईट वाटलं असतं तुम्हाला.

ज्योत्स्ना बघतच राहिली. मान डोलावणाऱ्यांचा जिला तिटकारा, तिच्यापुढं तिच्या सगळ्यात लाडक्या पेशंटनं सबंध वर्ष मान डोलावली होती, आणि तिला पत्ता नव्हता. आणि ती तरी काय, मोतीबिंदूच्या बाईला भिंतीवरची चित्रं दाखवून शिकवत होती. तिला इतकं हसू आलं की शेजारून निकिता काय झालं म्हणून डोकावली.

कुसाबाई मात्र अजून तक्त्यापाशीच होत्या. एक डोळा बारीक करून त्यांनी तो घड वरपासून खालपर्यंत नीट तपासला आणि कपाळाला आठी घातली.

"ह्याची विरळणी केलेली नाय, सिस्टर. मणी कसे एकमेकात कोंबलेत बघा. असला घड मी प्लॉटात ठेवला नसता."

ज्योत्स्ना उठली. तिनं गादीची खुर्ची तक्त्यासमोर ओढली, कुसाबाईंना तीत बसवलं आणि स्वतः स्टूल घेऊन समोर बसली.

"सांगा," ती म्हणाली. "विरळणी कशी करतात, मला पहिल्यापासून सांगा."

कुसाबाईंनी सांगायला सुरुवात केली. ज्योत्स्नानं एकदाही मान हलवली नाही. जिथं कळलं नाही तिथं ती त्यांना थांबवून विचारत होती.